कर्करोग आणि आणीबाणीची वेळ

कर्करोगाचा उपचार हा तारखांचा उपचार आहे. अमुक दिवशीं रक्ताची तपासणी, अमुक दिवशीं औषधाची बाटली चढवावयाची, तीन आठवड्यांनीं पुन्हां यावयाचें, इतक्या फेऱ्या झाल्यावर स्कॅन काढावयाचा, अशी त्याची आंखणी असते. आणि ज्या घरांत हा रोग शिरतो त्या घराच्या भिंतीवरील दिनदर्शिका थोड्याच दिवसांत लाल-निळ्या खुणांनीं भरून जाते. माणसाला या खुणांचा मोठा आधार वाटतो. रोग भयंकर खरा, परंतु त्याच्याशीं चाललेला व्यवहार ठरलेल्या दिवशीं होतो, अशी एक समजूत मनांत घर करून बसते. आणि मग एखाद्या रात्रीं अकरा वाजतां, पुढची तारीख अजून नऊ दिवस लांब असतां, रोग्याला थंडी वाजूं लागते. थर्मामीटर १०१ अंश दाखवितो. घरांत चारपांच शहाणीं माणसें असतात. एकजण म्हणतो, दुपारीं पंख्याखालीं झोंप झाली, त्याचेंच हें. दुसरा म्हणतो, तापाची एक गोळी देऊं आणि सकाळीं मोठ्या डॉक्टरांना विचारूं. "सकाळीं विचारूं" हें वाक्य किती साधें आणि समंजस! परंतु या एका रोगांत, आणि औषधानंतरच्या या एका आठवड्यांत, तें वाक्य जिवावर बेतूं शकतें.

असा प्रसंग अपवादात्मक नसतो. उपचार घेणाऱ्या पुष्कळशा रोग्यांना केव्हां ना केव्हां तारखेबाहेर रुग्णालय गांठावें लागतें. त्याचें कारण कधीं रोग असतो. आणि अनेकदां खुद्द उपचारच असतो, ही गोष्ट घरच्या मंडळींना फार उशिरां कळते. रुग्णालयांत पोंचल्यावर काय करावयाचें तें डॉक्टर जाणतात. परंतु आतां निघावयाचें कीं उद्यां, हा निर्णय डॉक्टरांच्या हातीं नसतो. तो रोग्याची पत्नी, मुलगा, सून किंवा शेजारी अशा माणसांनीं अर्धवट झोंपेंत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत घ्यावयाचा असतो. म्हणून या आणीबाणीचें शास्त्र थोडें तरी घरांत असलें पाहिजे.

महाराष्ट्रांत या अडचणीला आणखी एक पदर आहे. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीनें मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या होत्या, आणि त्या दुःखांतून या कार्याची प्रेरणा निघाली. तेव्हांपासून खानदेश, विदर्भ, कोंकण, गोमंतक येथील रोगी परळची वाट धरीत आले आहेत. आतां नागपूर, पुणें, नाशिक, बार्शी येथेंही कर्करोगाचीं रुग्णालयें आहेत. तरी रोग्याचें घर आणि त्याचा उपचार चालतो तें ठिकाण यांमध्यें एका रात्रीच्या प्रवासाचें अंतर असणें ही नित्याची गोष्ट आहे. औषध मुंबईस चढविलें जातें आणि ताप मात्र चाळीसगांवास येतो. मध्यरात्रीं दार ठोठावावें लागतें तें जवळच्या सामान्य रुग्णालयाचें, आणि तेथील डॉक्टरांनीं या रोग्याला पूर्वीं कधीं पाहिलेलें नसतें.

हा ताप इतका निराळा कां, तें आधीं पाहूं. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, आणि केमोथेरपीचीं बहुतेक औषधें भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. दुर्दैव असें कीं, शरीराच्या सज्जन पेशींपैकींही कांहीं भराभर वाढणाऱ्या आहेत. केंसांच्या मुळांतील, तोंडाच्या व आंतड्याच्या अस्तरांतील आणि हाडांच्या पोकळींत असणाऱ्या मज्जेंतील पेशी या त्या होत. केंस गळतात तें सर्वांना दिसतें व त्याचेंच दुःख अधिक केलें जातें. मज्जेंत काय चाललें आहे तें कोणाला दिसत नाहीं. या मज्जेंत तयार होणाऱ्या न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या साधारणपणें २,००० ते ७,००० असतात. त्यांचें आयुष्य अल्प. रक्तांत तर त्या कांहीं तासच राहतात. म्हणजे नवी भरती अखंड चालू असली तरच पहारा टिकतो. औषधानें भरती थांबली कीं आधींचा सांठा कांहीं दिवस पुरतो, आणि मग बहुधा सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पहारा अगदीं विरळ होतो. ही संख्या ५०० च्या खालीं गेली म्हणजे वाड्याचे दरवाजे उघडे राहिले असें समजावें. त्यांतच आंतड्याचें अस्तर दुखावलेलें असतें; आणि जे जंतु जन्मभर पोटांत निरुपद्रवीपणें राहिले तेच रक्तांत उतरतात. "बाहेरचें कांहीं एक खाऊं दिलें नव्हतें हो," असें घरचे लोक कळवळून सांगतात. तें खरेंच असतें. हा शत्रु पुष्कळदां बाहेरून आलेला नसतो.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गळूंत पू होतो, जखम लाल होऊन सुजते, खोकल्यांत बेडका पडतो, हीं सारीं जंतूंशीं चाललेल्या लढाईचीं चिन्हें आहेत, आणि लढणाऱ्या पेशीच नसल्या म्हणजे चिन्हेंही उमटत नाहींत. फुप्फुसांत संसर्ग आहे पण खोकला बेताचा; गुदद्वारापाशीं संसर्ग आहे पण सूज नाहीं, नुसती वेदना. रोगी दिसतो तसा बरा, बोलतो तसा नीट, आणि सगळ्या लक्षणांपैकीं ताप तेवढा एकटा वर्दी देतो. म्हणून "ताप आहे, पण बाकी कांहीं नाहीं" या वाक्यानें अशा घरांत समाधान मानूं नये.

वैद्यकाला स्वतःला ही गोष्ट शिकावयास वेळ लागला. १९६६ सालीं अमेरिकेंत जेराल्ड बोडी व त्यांचे सहकारी यांनीं रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्या पेशींची संख्या जितकी खालीं आणि जितके दिवस खालीं, तितका संसर्गाचा धोका मोठा, हें त्यावरून स्पष्ट झालें. तरी उपचाराची रीत जुनीच होती. रक्ताचा नमुना घ्यावयाचा, त्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवावयाचे, शत्रूचें नांव कळलें म्हणजे त्याला साजेसें औषध द्यावयाचें. पद्धति शास्त्रशुद्ध खरी. परंतु नांव कळण्यास दोनतीन दिवस लागत, आणि तेवढ्या अवधींत कित्येक रोगी दगावत. १९७१ सालीं स्टीफन शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलट मार्ग धरला. ताप दिसतांच, नांवाची वाट न पाहतां, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन हीं दोन औषधें एकदम सुरू केलीं, आणि पुष्कळ रोगी वांचले. औषधें पुढें बदललीं; नियम तोच राहिला. आज जगभर धोरण असें आहे कीं, रक्ताचा नमुना घेऊन शिरेंतून प्रतिजैविकाची पहिली मात्रा रोगी दारांत आल्यापासून एका तासाच्या आंत जावी.

हा तास रुग्णालयाच्या दारांत सुरू होतो. त्याआधींचे तास घरांत जातात. त्यांवर ताबा घरच्यांचाच. ताप एकदां १०१ पर्यंत गेला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर निघावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. कांहीं रुग्णालयें १००.४ एकदां दिसला तरी या म्हणून सांगतात. ज्याचें त्यानें आपल्या रुग्णालयाचें ऐकावें. पॅरासिटॅमॉलची गोळी देऊन वाट पाहूं नये. गोळीनें आंकडा उतरतो, जंतु उतरत नाहींत. आणि तीन तासांनीं रुग्णालयांत पोंचल्यावर ताप नाहीं असें पाहून तेथील माणूसही फसतो. ज्याला स्टेरॉइड चालू आहे त्याला ताप येणारच नाहीं असें घडूं शकतें. अशा रोग्याला हुडहुडी भरली, एकाएकीं गळून गेल्यासारखें झालें, हातपाय गार पडले, बोलण्यांत असंबद्धता आली, तर आंकडा कांहींही असो, गाडी मागवावी. या दिवसांत बद्धकोष्ठ झालें म्हणून गुदद्वारांतून औषध किंवा एनिमा देण्याचा जुना घरगुती उपायही करूं नये. तेथील नाजूक त्वचेस ओरखडा गेला तर जंतूंना वाटच मिळते.

आणि दारांत गेल्यावर काय बोलावें? आपल्याकडे कथा पहिल्यापासून सांगण्याची संवय आहे. गांठ केव्हां लागली, कोणीं काय निदान केलें, पहिला स्कॅन कोठें काढला, अशी ती सुरू होते, आणि तापाची गोष्ट येईपर्यंत ऐकणारा डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळलेला असतो. रात्रीची कॅज्युअल्टी म्हणजे बाजार. अपघाताचे, विंचवाचे, छातींत दुखण्याचे रोगी तेथें असतात, आणि चालत आलेला तापकरी त्यांत सहज शेवटीं पडतो. म्हणून पहिलें वाक्य एवढेंच असावें: "यांना केमो घेऊन दहा दिवस झाले आहेत आणि आतां ताप १०१ आहे." याच्यापुढें डॉक्टरांना फारसें कांहीं सांगावें लागत नाहीं. पेशींची मोजणी येईपर्यंत थांबण्याचा विचार कोणीं केला, तर पहिली मात्रा आधीं द्यावी अशी नम्रपणें पण ठामपणें विनंती करण्यांत अविनय कांहींच नाहीं.

अशा प्रत्येक रोग्याला मग आठ दिवस खाटेवर पडावें लागतेंच असें मात्र नाहीं. कोणाला धोका कमी आहे हें ठरविण्यासाठीं २००० सालीं गुणांकाची एक पद्धति प्रसिद्ध झाली. वय, रक्तदाब, अंगांतील पाणी, इतर व्याधि असे मुद्दे धरून २६ पैकीं २१ किंवा अधिक गुण मिळाले तर धोका कमी समजावयाचा. अशा रोग्याला कांहीं तास देखरेखीखालीं ठेवून, तोंडानें घ्यावयाचीं औषधें देऊन घरीं पाठवितां येतें. तें ठरविणें तपासणाऱ्याचें काम आहे. घरीं बसून ते गुण कोणीं देऊं नयेत.

तापाची वर्दी निदान स्पष्ट असते. दुसरें एक संकट असें आहे कीं, तें आठवडेच्या आठवडे पाठदुखीच्या वेषांत घरांत वावरतें. स्तन, पुरःस्थ ग्रंथि आणि फुप्फुस यांचे कर्करोग हाडांत उतरतात, आणि मणक्यांवर त्यांचा विशेष रोख. मज्जेचा मायलोमा नांवाचा कर्करोग तर मुळांतच हाडांचा शत्रु. मणक्यांच्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं येतो. पायांना चालविणाऱ्या, मलमूत्रावर ताबा ठेवणाऱ्या साऱ्या आज्ञा त्यांतून जातात. मणक्यांतील गांठ वाढली किंवा मणका खचला म्हणजे हा रज्जु चेपला जातो. प्रथम नुसतें दुखतें. साध्या पाठदुखीला आडवें झाल्यानें आराम पडतो. हें दुखणें पुष्कळदां आडवें झाल्यावर, रात्रीं, वाढतें. खोकल्यानें, शिंकेनें, शौचास जोर केल्यानें कळ उठते. छातीभोंवतीं पट्टा आंवळल्यासारखें वाटतें. मग एके दिवशीं जिना चढतांना पाय लटपटतात, चप्पल पायांतून निसटली तरी कळत नाहीं, आणि शेवटीं लघवी अडते.

या क्रमांत उपचार कोणत्या पायरीवर सुरू झाला यावर पुढचें सारें आयुष्य ठरतें. उपचाराच्या वेळीं जो चालत असतो तो बहुधा चालता राहतो. ज्याचे पाय पूर्ण गेले आणि त्यावर दिवस लोटले, त्याचे पाय परत येणें कठीण. २००५ सालीं अमेरिकन डॉक्टर रॉय पॅचेल व त्यांचे सहकारी यांनीं १०१ रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुसते किरणोपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५७ उपचारानंतर चालूं शकले, आणि आधीं शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८४. हे रोगी निवडक होते, प्रत्येकाला शस्त्रक्रिया झेपते असें नाहीं. तरी त्यांतून एवढें दिसतें कीं या स्थितींत करण्यासारखें पुष्कळ असतें. संशय येतांच स्टेरॉइड देतात, संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय काढतात, आणि किरणोपचार कीं शस्त्रक्रिया तें ठरवितात. हें सारें तासांच्या हिशोबानें व्हावें लागतें. परंतु आपल्या घरांतून काय घडतें? वय झालें, वात असेल, गादी बदलून पाहूं, तेल लावून चोळून घेऊं. खचलेल्या मणक्यावर मालीश ही कल्पनाच अंगावर कांटा आणणारी आहे. कर्करोग्याची नवी, वाढती पाठदुखी त्याच आठवड्यांत डॉक्टरांच्या कानीं घालावी. आणि पाय जड झाले, बधिर झाले किंवा लघवी अडली तर त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. नेतांना शक्य तों उताणें, सरळ न्यावें. महाराष्ट्रांत २०१४ पासून चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळीं रिक्षेपेक्षां फार बरी.

तिसरें एक संकट त्याहून चोरपावलांचें. हाडांतून कॅल्शियम झिरपून किंवा गांठींतून निघणाऱ्या एका द्रव्यामुळें रक्तांतील कॅल्शियम वाढतें. रोग्याला तहान फार लागते, लघवी फार होते, शौचास होत नाहीं, अन्न नकोसें होतें, आणि हळूहळू तो पेंगूं लागतो; दिवस कोणता, समोर कोण बसलें आहे, याचा गोंधळ होतो. घरांत दबक्या आवाजांत बोलणें सुरू होतें: "आई आतां आंवरतें घेते आहे." नातेवाईकांना तारा, नव्हे फोन, जातात. वास्तविक रक्ताची एक साधी तपासणी केली, शिरेंतून भरपूर सलाइन दिलें आणि झोलेड्रॉनिक आम्लासारखें औषध दिलें, तर दोनचार दिवसांत तीच आई उठून चहा मागते. कर्करोग बरा झाला असा याचा अर्थ नाहीं. परंतु तिच्या वांट्याचे कांहीं आठवडे, कांहीं महिने, शुद्धीवर घालवावयास मिळतात. कर्करोग्याच्या ग्लानीला "रोगच वाढला" हें उत्तर तपासणीवांचून देऊं नये. सोडियम उतरणें, साखर उतरणें, वेदनेच्या औषधाची मात्रा जास्त होणें, साधा संसर्ग, अशीं अनेक सुधारण्याजोगीं कारणें त्यामागें असूं शकतात.

बाकीच्या कांहीं गोष्टी थोडक्यांत. सकाळीं उठतांना चेहरा व मान सुजलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या आणि वांकलें असतां डोकें भरून येतें, अशी तक्रार असेल तर छातींतील मोठ्या शिरेवर दाब आला आहे असें समजून लौकर दाखवावें. एकच पाय सुजला व पोटरी दुखूं लागली, किंवा एकाएकीं धाप लागली, तर शिरेंत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. कर्करोगानें रक्त गोठण्याकडे झुकतें, हें पॅरिसचे प्रख्यात वैद्य आर्मां त्रूसो यांनीं १८६५ सालीं आपल्या व्याख्यानांत सांगितलें. पुढें स्वतःच्या हातापायांपैकीं एकांत तशीच गुठळी दिसतांच त्यांनीं आपलें निदान आपणच ओळखलें, आणि १८६७ सालीं जठराच्या कर्करोगानें ते वारले. रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कांहीं कर्करोगांत पहिल्याच औषधानें इतक्या पेशी एकदम मरतात कीं त्यांच्या अवशेषांनीं मूत्रपिंडें तुंबतात. तेथें आधींच रोग्याला दाखल करून ठेवतात, त्यामुळें घरच्यांवर तो भार सहसा पडत नाहीं. हिरड्यांतून, नाकांतून न थांबणारें रक्त किंवा अंगावर सुईच्या टोंकाएवढे लाल ठिपके दिसले तर रक्तांतील बिंबाणु उतरले आहेत असें समजून ॲस्पिरिनसारखीं औषधें कटाक्षानें टाळावींत आणि डॉक्टरांकडे जावें.

अलीकडे इम्युनोथेरपी नांवाचीं औषधें आलीं आहेत. तीं पेशी मारीत नाहींत. शरीराच्या पहारेकऱ्यांनाच चेतवितात. त्यामुळें त्यांचे उपद्रवही उलट्या जातीचे. चेतलेले पहारेकरी स्वतःच्याच आंतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर तुटून पडतात. कधीं औषध बंद केल्यावर कांहीं महिन्यांनींसुद्धां. येथें जुलाब म्हणजे नुसते जुलाब नसतात आणि खोकला नुसता खोकला नसतो. त्यांवर पुष्कळदां स्टेरॉइडची गरज पडते. अनोळखी डॉक्टर हें सर्व केमोच समजला तर उपचार चुकण्याचा संभव असतो. म्हणून औषधाचें नांव कागदावर असणें अगत्याचें.

हा कागद म्हणजे या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. इंग्लंडसारख्या सुव्यवस्थित देशांतही २००८ सालीं एका चौकशींत असें निघालें कीं, केमोनंतर महिन्याच्या आंत दगावलेल्या ज्या रोग्यांचीं कागदपत्रें तपासलीं, त्यांपैकीं जेमतेम एक तृतीयांश रोग्यांची शुश्रूषा चांगली म्हणण्याजोगी होती. कर्करोगाचे तज्ज्ञ एकीकडे आणि रोगी रात्रीं जेथें जातो तें रुग्णालय दुसरीकडे, अशी तेथेंही फारकत होती. त्यानंतर २००९ पासून, जेथें आणीबाणीचा विभाग आहे अशा प्रत्येक रुग्णालयांत या कामासाठीं स्वतंत्र पथक असावें आणि रोग्याला चोवीस तास विचारतां येईल असा दूरध्वनि असावा, असें धोरण तेथें आलें. आपल्याकडे अशी व्यवस्था सर्वत्र होईपर्यंत तिची जागा एका फाईलीनें भरून काढावी लागते. जाड फाईल पुष्कळ घरांत असते. तींत तीन वर्षांचीं बिलें वर आणि कामाचा कागद तळाशीं असतो. त्याऐवजीं सर्वांत वर एकच पान असावें: रोग कोणता, कोठवर पसरला आहे, औषधांचीं नांवें, शेवटची मात्रा कोणत्या तारखेस, शेवटच्या मोजणींतील पेशी, कोणतें औषध सोसत नाहीं, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय, छातींत किंवा दंडांत औषधाची कायमची नळी बसविली आहे काय, आणि उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनि. प्रत्येक फेरीनंतर तें पान नव्यानें लिहावें. घरांतील शाळकरी मुलाकडे हें काम दिलें तरी तें उत्तम करील.

त्या पानावर आणखी एक ओळ हवी, आणि ती लिहिणें सर्वांत कठीण. उपचाराचा हेतु काय आहे? रोग नाहींसा करावयाचा आहे, कीं आतां नुसता आराम द्यावयाचा आहे? ही ओळ नसली म्हणजे शेवटच्या दिवसांत धाप लागलेला रोगी रात्रीं दोन वाजतां अतिदक्षता विभागांत जातो, नळ्या लागतात, दार बंद होतें, आणि ज्यांना जवळ बसावयाचें असतें तीं माणसें बाहेरच्या बांकावर बसून राहतात. कोणाचाही हेतु वाईट नसतो. विचारलेलें नसतें एवढेंच. रोगी शुद्धीवर असतां, डॉक्टरांच्या समक्ष, त्याची इच्छा विचारून घेणें कायद्यालाही मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अशा पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ सालीं त्याची पद्धति सोपी केली.

अशा रोग्याला रुग्णालयांत मुळींच नेऊं नये असें मात्र समजूं नये. छातींत सांठलेलें पाणी काढल्यानें धाप कमी होते, हाडाच्या दुखण्यावर किरणांची एकच मात्रा पुष्कळदां पुरते; त्यासाठीं एक दिवस जाणें योग्यच. परंतु नुसती वेदना हें रात्रीं धांवण्याचें कारण असूं नये, कारण वेदनेवर घरीं उपाय आहे. तो उपाय मॉर्फिन. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें त्याच्याभोंवतीं परवान्यांचें इतकें जाळें विणलें कीं, ज्या देशांत अफू पिकते त्याच देशांत औषधासाठीं मॉर्फिन मिळेनासें झालें. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना तें ठेवणें सुलभ झालें. मुंबईंत वांद्र्यास १९८६ मध्यें शांति आवेदना सदन निघालें, केरळांत कोळिकोड येथें १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर घरपोंच शुश्रूषेचें काम उभें राहिलें, पुण्यास वारजे येथें १९९७ पासून वेदनाशामक शुश्रूषेचें केंद्र आहे. अशा ठिकाणीं रोगाच्या अखेरीस जाण्याऐवजीं आधींच नांव नोंदविलें तर पुष्कळ रात्री शांतपणें जातात.

मॉर्फिनचें नांव काढतांच घरांत भीति पसरते; संवय लागेल, श्वास थांबेल. डॉक्टरांनीं बेतून दिलेल्या मात्रेनें कर्करोग्याच्या वेदनेवर ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. तोंडानें घ्यावयाची साधी गोळी चार तासच काम करते, म्हणून ती दुखूं लागल्यावर न देतां घड्याळाप्रमाणें द्यावयाची. मधेंच कळ उठली तर द्यावयाची जादा मात्रा डॉक्टरांकडून आधींच लिहून घ्यावयाची. मळमळ पहिल्या कांहीं दिवसांत बहुधा ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाहीं. तेव्हां मॉर्फिन सुरू होईल त्याच दिवसापासून सारक सुरू करावें. औषध एकाएकीं बंद करूं नये. धापेवरही त्याची लहान मात्रा उपयोगी पडते. रोग्याला उशांना टेकवून बसतें करावें, खिडकी उघडावी आणि हातांतील छोट्या पंख्याचा वारा सरळ चेहऱ्यावर घ्यावा. गोळ्यांच्या वेळा व जादा मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावाव्या, आणि रात्रीं जागणाऱ्या प्रत्येकानें त्यांतील वेळेसमोर खूण करावी. म्हणजे तीच मात्रा दोघांकडून दोनदां दिली जात नाहीं.